संगणकाला थांबायला शिकविताना : स्वरलेखन सॉफ्टवेअरमधील विरामाचे लेखन आणि वादन

संगणकावर स्वरलेखन करणे आता नवलाचे राहिलेले नाही. पाश्चात्य पद्धतीच्या पाच रेषांवर माऊसने किंवा कळफलकाने स्वर मांडावेत, कळ दाबावी आणि लिहिलेली रचना संगणकाकडून वाजवून घ्यावी, ही सोय विद्यार्थ्यांपासून चित्रपटांच्या संगीत संयोजकांपर्यंत सर्वांना उपलब्ध झाली आहे. स्वर कोणता, किती काळ आणि किती जोरात वाजवायचा, हे संगणकाला नेमके कळते. मात्र कोठे थांबायचे आणि किती वेळ थांबायचे, या प्रश्नापाशी तो अडखळतो.

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. चार आवाजांत गाणाऱ्या वृंदातील गायक अनेकदा सॉफ्टवेअरने तयार केलेल्या ध्वनिफितीवर सराव करतात. त्या ध्वनिफितीत ओळीच्या शेवटचा विराम नसेल, तर गायक श्वास घेण्याची जागाच चुकीची शिकतो आणि प्रत्यक्ष कार्यक्रमात संचालकाचा हात थांबलेला असताना त्याचा आवाज मात्र पुढे निघून जातो. विराम कसा लिहिला जातो, संगणक तो कसा वाचतो आणि वाजवितो, तसेच एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना त्याचे काय होते, याचा हा आढावा.

मोजलेली आणि न मोजलेली शांतता

पाश्चात्य स्वरलेखनात शांततेचे दोन स्वतंत्र वर्ग आहेत. पहिला वर्ग मोजलेल्या शांततेचा. प्रत्येक स्वरमूल्याला तेवढ्याच अवधीचे एक मौनचिन्ह असते व त्याला रेस्ट असे म्हणतात. क्वार्टर नोट जितका वेळ चालते, तितकाच वेळ क्वार्टर रेस्ट चालते. या शांततेत लय थांबत नाही. वादक वाजवीत नसला तरी मनात मात्रा मोजत असतो.

हायडन यांच्या १७८१ मधील ओपस ३३ क्रमांक २ या तंतुवाद्य चौकडीला 'विनोद' असे टोपणनाव मिळाले आहे, ते अशाच मोजलेल्या शांततेमुळे. अखेरच्या भागाच्या शेवटी मुख्य धून तुकड्यातुकड्याने येते आणि तुकड्यांच्या मध्ये शांतता असते. रचना संपली असे समजून श्रोते टाळ्या वाजविण्याच्या बेतात असताना धुनेचा पहिला तुकडा हलक्या आवाजात पुन्हा वाजतो आणि मग खरोखरच शेवट होतो. ही शांतता रेस्टच्या चिन्हांनी लिहिलेली असल्याने कोणतेही सॉफ्टवेअर ती अचूक वाजविते. तेथे वापरणाऱ्याला वेगळे काही करावे लागत नाही.

दुसरा वर्ग न मोजलेल्या शांततेचा आहे. यात प्रामुख्याने तीन चिन्हे येतात. फर्माता हे अर्धवर्तुळाखाली टिंब असलेले चिन्ह स्वरावर किंवा रेस्टवर येते व तेथे नेहमीपेक्षा अधिक काळ थांबावे असे सुचविते. श्वासचिन्ह बहुधा स्वल्पविरामासारखे दिसते आणि श्वास घेण्याची जागा दाखविते. सिझुरा म्हणजे पंचरेषांच्या वरच्या भागात काढलेल्या दोन तिरप्या रेघा; तेथे लय क्षणभर पूर्णपणे तुटते. याखेरीज संपूर्ण वाद्यवृंद एकाच वेळी गप्प होतो, तेव्हा 'जनरल पॉज' अशी नोंद केली जाते.

या दुसऱ्या वर्गातील विराम किती काळाचा, हे कागदावर लिहिलेले नसते. तो निर्णय संचालकाचा किंवा वादकाचा असतो. सभागृहातील प्रतिध्वनी, गायकाच्या श्वासाची क्षमता, आधीच्या भागाचा वेग आणि त्या दिवशीचा रंग यांवर तो अवलंबून असतो. संगणकाला मात्र आकडा हवा असतो. पुढील सर्व अडचणींचे मूळ येथे आहे.

संगणक वेळ कसा मोजतो

संगीताच्या क्षेत्रातील संगणकीय कालमापनावर १९८३ मध्ये प्रचारात आलेल्या मिडी या मानकाचा मोठा प्रभाव आहे. मिडी फाइलमध्ये वेळ सेकंदांत नव्हे, तर 'टिक' या एककात लिहिला जातो. एका क्वार्टर नोटचे अनेक समान भाग केलेले असतात. ४८० ही त्यासाठी सर्रास वापरली जाणारी संख्या आहे. प्रत्येक स्वर कोणत्या टिकवर सुरू होतो व कोणत्या टिकवर संपतो, एवढीच नोंद होते.

एक टिक प्रत्यक्षात किती वेळाचा, हे लयीची स्वतंत्र नोंद ठरविते. ही नोंद एका क्वार्टर नोटला किती मायक्रोसेकंद लागतात, या स्वरूपात असते. मिनिटाला १२० क्वार्टर नोट अशी लय असेल, तर तो आकडा ५,००,००० मायक्रोसेकंद, म्हणजेच अर्धा सेकंद असतो.

या रचनेत 'थांबा' अशी आज्ञाच नाही. टिकची गणना अखंड पुढे जात असते. त्यामुळे विराम वाजवायचा असेल, तर एकतर टिक लांबवावे लागतात, किंवा वादन करणाऱ्या प्रणालीने स्वतःच्या हिशेबात जादा सेकंद मिळवावे लागतात, किंवा जादा टिक घालावे लागतात. विविध सॉफ्टवेअरनी याच तीन मार्गांचा अवलंब केलेला दिसतो.

बीथोव्हेन यांचे पहिले पाच बार

हा मुद्दा एका प्रसिद्ध उदाहरणावरून स्पष्ट होईल. बीथोव्हेन यांची पाचवी सिंफनी २२ डिसेंबर १८०८ रोजी व्हिएन्ना येथे प्रथम सादर झाली. तिच्या प्रारंभीचे चार स्वर जगभर परिचित आहेत. तीन आखूड स्वर पहिल्या बारमध्ये येतात आणि चौथा दीर्घ स्वर दुसऱ्या बारमध्ये येतो. त्यावर फर्माता आहे. तोच आकृतिबंध खालच्या स्वरांवर पुन्हा येतो. मात्र या वेळी दीर्घ स्वर चौथ्या व पाचव्या अशा दोन बारमध्ये जोडलेला असून फर्माता पाचव्या बारवर आहे. अर्थात दुसरा विराम पहिल्यापेक्षा मोठा असावा, ही बीथोव्हेन यांची इच्छा लेखनातच दिसते.

बीथोव्हेन यांनी या भागासाठी मिनिटाला १०८ हाफ नोट अशी लय दिली आहे. दोन क्वार्टर नोटच्या एका बारमध्ये एक हाफ नोट बसते. म्हणजे एक बार सुमारे ०.५६ सेकंदाचा झाला. सॉफ्टवेअरने फर्माताकडे दुर्लक्ष केले, तर पहिला दीर्घ स्वर जेमतेम अर्धा सेकंद टिकतो आणि त्या सुप्रसिद्ध प्रारंभाचा दरारा नाहीसा होतो. फर्माता असलेला बार दुप्पट केला, तर पहिला विराम सुमारे १.१ सेकंद आणि दुसरा सुमारे १.७ सेकंद होतो. दोन्हींतील तफावत कायम राहते. परंतु बहुतेक संचालक येथे याहून अधिक थांबतात. तेव्हा 'फर्माता म्हणजे दुप्पट' हा पाठ्यपुस्तकी नियम या ठिकाणी अपुरा पडतो. जलद लयीत दुप्पट कमी वाटते आणि विलंबित लयीत तीच दुप्पट कंटाळवाणी होते.

तीन मार्ग आणि त्यांचे गुणदोष

पहिला मार्ग लय मंद करण्याचा आहे. फर्माता असलेल्या स्वरापुरती लय अर्धी करावी आणि नंतर ती पूर्ववत करावी. बारची संख्या बदलत नाही, लेखनही स्वच्छ राहते. ग्नू प्रकल्पातील लिलीपॉन्ड या सॉफ्टवेअरमध्ये लयीची नोंद छापील प्रतीत न दाखविता केवळ ध्वनीसाठी वापरण्याची सोय आहे, ती अशाच कामासाठी उपयोगी पडते.

या मार्गात एक खोच आहे. समजा, वरच्या आवाजात फर्माता असलेली हाफ नोट आहे आणि त्याच वेळी खालच्या आवाजात दोन क्वार्टर नोट आहेत. मिनिटाला ६० क्वार्टर नोट ही लय अर्धी केली, तर खालचे दोन्ही स्वर प्रत्येकी दोन सेकंदांचे होतात. प्रत्यक्षात गायक असे करीत नाहीत. ते पहिला स्वर लयीतच, एका सेकंदात घेतात आणि दुसऱ्यावर तीन सेकंद थांबतात. दोन्ही रीतींत एकूण वेळ चार सेकंदच आहे, पण परिणाम निराळा आहे. म्हणून लय मंद करायची झाल्यास ती फर्माताखालील शेवटच्या हालचालीपुरतीच करावी, हे उत्तम. टिंपनीचा घुमारा सुट्या जलद ठोक्यांनी लिहिलेला असेल, तर लय मंद करताच ते ठोके वेगवेगळे ऐकू येऊ लागतात, हाही याच मार्गाचा दोष आहे.

या मार्गाला मर्यादाही आहे. प्रमाणित मिडी फाइलमध्ये लयीच्या आकड्यासाठी तीन बाइटची जागा ठेवलेली आहे. तीत मावणारी सर्वांत मोठी संख्या १,६७,७७,२१५ मायक्रोसेकंद आहे. परिणामी एक क्वार्टर नोट सुमारे १६.८ सेकंदांपेक्षा अधिक ताणता येत नाही. रोजच्या कामात ही मर्यादा आड येत नाही. पण अतिदीर्घ विरामांच्या आधुनिक रचनांमध्ये ती जाणवू शकते.

दुसरा मार्ग ठरावीक सेकंदांचा विराम घालण्याचा आहे. स्वर संपतो, ठरलेले सेकंद शांतता राहते आणि पुढचा स्वर सुरू होतो. सिझुरासाठी हा मार्ग सर्वांत योग्य आहे, कारण तेथे नाद लांबवायचा नसून तोडायचा असतो. म्यूझस्कोर या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये 'श्वास व विराम' या गटातून चिन्ह निवडून गुणधर्मांच्या चौकटीत विरामाचे सेकंद लिहिता येतात. तेथे सिझुरासाठी आरंभी दोन सेकंद गृहीत धरलेले असतात, तर स्वल्पविरामासारख्या श्वासचिन्हासाठी शून्य. हे शून्य चुकीने आलेले नाही. श्वास हा प्रायः आधीच्या स्वरातून चोरायचा असतो. त्यासाठी लय थांबवायची नसते. म्हणून श्वास ऐकू यायला हवा असेल, तर विराम वाढविण्याऐवजी आधीच्या स्वराचा वाजण्याचा अवधी कमी करणे अधिक शास्त्रशुद्ध ठरते.

तिसरा मार्ग जुना व सर्वांत धोक्याचा आहे. त्यात जादा मात्रा, किंबहुना एखादा संपूर्ण जादा बार घालून तो छापील प्रतीत लपविला जातो. ऐकताना सर्व ठीक वाटते. परंतु लपविलेल्या बारमुळे पुढील बारचे क्रमांक सरकतात. संचालकाने 'बार ४० पासून' म्हणावे आणि निम्म्या वादकांनी ४१ पासून सुरुवात करावी, असा घोटाळा त्यातून उद्भवतो.

एकच चिन्ह, अनेक अर्थ

अडचण केवळ 'किती वेळ' एवढीच नसते. अनेकदा फर्माताचा अर्थ थांबणे असा नसतोच. बाख यांच्या कोरालांमध्ये, म्हणजेच चार आवाजांतील प्रार्थनागीतांमध्ये, प्रत्येक ओळीच्या शेवटी फर्माता आढळतो. तेथे तो मुख्यतः ओळ संपल्याची खूण म्हणून येतो. प्रत्येक फर्माता दुप्पट लांबविणाऱ्या सॉफ्टवेअरकडून असे गीत वाजविले, तर ते ठेचकाळत चालल्यासारखे ऐकू येते.

अठराव्या शतकातील 'दा कापो' पद्धतीच्या गीतांत फर्माता हा रचनेचा शेवट दर्शवितो. पहिल्या फेरीत त्याकडे लक्ष द्यायचे नसते; सुरुवातीकडे परतून पुन्हा तेथे आल्यावर मात्र थांबायचे असते. तर मोत्सार्ट यांच्या कॉन्चेर्तोमध्ये वाद्यवृंद ज्या स्वरसंघातावर फर्माता घेऊन थांबतो, तेथून एकल वादकाचे स्वैर वादन सुरू होते. त्याला कादेन्झा म्हणतात आणि ते काही मिनिटेही चालू शकते.

म्हणून फर्माताचे दिसणे आणि वाजणे या दोन गोष्टी एकमेकांपासून वेगळ्या ठेवण्याची सोय असणे, ही चांगल्या सॉफ्टवेअरची कसोटी मानली पाहिजे. चिन्ह छापले जावे, पण त्याचा वादनावरील परिणाम वापरणाऱ्याला ठरविता यावा किंवा बंद करता यावा.

विसाव्या शतकातील रचनाकारांनी ही संदिग्धता कमी करण्यासाठी चिन्हाचे आकारच वाढविले. त्रिकोणी फर्माता अल्प विरामाचा, गोल मध्यम विरामाचा आणि चौकोनी दीर्घ विरामाचा, असा संकेत रूढ झाला. संगीतचिन्हांच्या अक्षरसंचांसाठी श्टाइनबर्ग कंपनीने २०१३ मध्ये मांडलेल्या स्मूफल या मानकात अतिअल्प व अतिदीर्घ विरामांच्या आकारांनाही जागा आहे. त्यापूर्वी २००१ मध्ये युनिकोडच्या ३.१ या आवृत्तीत संगीतचिन्हांचा स्वतंत्र विभाग आला, त्यातही फर्माता, श्वासचिन्ह व सिझुरा यांचा समावेश आहे. अर्थात आकार ठरला तरी 'दीर्घ' म्हणजे किती सेकंद, हे शेवटी मानवी निर्णयावरच राहते.

एक थांबला तर सर्वांनी थांबावे

वाद्यवृंदाच्या लेखनात विरामाला आणखी एक बाजू आहे. लय ही सर्वांची मिळून एकच असते. पहिल्या व्हायोलिनवर फर्माता असेल, तर त्या क्षणी तुतारीवादक मौन पाळून बसलेला असला तरी त्याच्याही प्रतीत फर्माता दिसायला हवा. पाचव्या सिंफनीतच २१ व्या बारमध्ये पहिले व्हायोलिन एकटेच स्वर धरून ठेवतात आणि इतर वाद्ये गप्प असतात. त्या इतरांच्या रेस्टवरही फर्माता लिहिलेला आहे.

ही बाब प्रत्येक वाद्याची स्वतंत्र प्रत काढताना विशेष महत्त्वाची ठरते. सलग अनेक बार मौन असेल, तर सॉफ्टवेअर ते सर्व एकत्र करून '२० बार विश्रांती' अशी एकच नोंद छापते. त्या वीस बारच्या मध्येच कोठे फर्माता असेल व तो प्रतीत दिसला नाही, तर वादक मोजत पुढे निघून जातो. २०१६ मध्ये बाजारात आलेल्या डोरिको या सॉफ्टवेअरने यावर तोडगा म्हणून फर्माताला एका वाद्याचे चिन्ह न मानता संपूर्ण वृंदाच्या कालरेषेवरील घटना मानले. एका ठिकाणी फर्माता घातला की तो त्या क्षणी सर्व पंचरेषांवर उमटतो. इतर सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी हीच खबरदारी हाताने घ्यावी.

शांततेतही आवाज असतो

विरामाचा अवधी बरोबर ठेवूनही कधी कधी शांतता ऐकू येत नाही. याचे कारण बहुधा ध्वनिनिर्मितीत असते. पियानोचा पेडल दाबलेला असल्याची सूचना मिडीमध्ये ६४ व्या क्रमांकाच्या नियंत्रकाद्वारे दिली जाते. सिझुरापूर्वी पेडल सोडण्याची सूचना लिहिली नसेल, तर आधीचे स्वर संपूर्ण विरामभर घुमत राहतात. वापरणाऱ्याला वाटते की सिझुरा वाजलाच नाही. प्रत्यक्षात सिझुरा वाजलेला असतो, पण तो नादाने भरून गेलेला असतो.

सभागृहाचा आभास निर्माण करणारा कृत्रिम प्रतिध्वनीही असाच परिणाम करतो. दोन सेकंद रेंगाळणारा प्रतिध्वनी आणि एक सेकंदाचा विराम असेल, तर खरी शांतता येतच नाही. अशा वेळी विराम वाढविण्याआधी पेडल आणि प्रतिध्वनी तपासणे इष्ट होय.

फाइल बदलली, विराम हरवला

या विषयाला अलीकडे आलेली निकड फाइलींच्या स्थलांतरामुळे आहे. १९८८ मध्ये सुरू झालेल्या फिनाले या जुन्या व प्रतिष्ठित सॉफ्टवेअरचा पुढील विकास थांबवित असल्याचे मेकम्युझिक या कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केले. तीन दशकांहून अधिक काळ त्यात लिहिल्या गेलेल्या रचना इतर सॉफ्टवेअरमध्ये नेण्याची गरज त्यामुळे निर्माण झाली.

अशा स्थलांतरासाठी म्युझिकएक्सएमएल ही सर्वमान्य फाइलपद्धती वापरली जाते. मायकेल गुड यांनी विकसित केलेल्या या पद्धतीची १.० ही आवृत्ती २००४ मध्ये आली. २०१५ पासून तिचे काम वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमच्या संगीतलेखनविषयक समुदायगटाकडे आहे. या पद्धतीत फर्माताचा आकार, श्वासचिन्हाचा प्रकार आणि सिझुराचा प्रकार व्यवस्थित नोंदविता येतो. मात्र फर्माता नेमका किती काळ वाजावा, याचा आकडा त्या नोंदीत नसतो. तो निर्णय फाइल उघडणाऱ्या सॉफ्टवेअरवर सोडलेला आहे.

याचा व्यावहारिक अर्थ असा की चिन्ह नव्या घरी पोचते, पण त्याचा अवधी मागे राहू शकतो. ज्यांनी विराम लपविलेल्या लयीच्या नोंदींनी साधला होता, त्यांना त्या नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये कधी उघडपणे छापलेल्या दिसतात. नव्या सॉफ्टवेअरनेही फर्माता स्वतःहून लांबविला आणि जुनी मंद लयही सोबत आली, तर दुप्पटीची चौपट होते. लपविलेले बार तर सर्वांत त्रासदायक ठरतात. म्हणून जुन्या रचना नेताना मूळ सॉफ्टवेअर चालू आहे तोवर प्रत्येक रचनेची छापील प्रत पीडीएफ स्वरूपात आणि तिचे वादन ध्वनिफाइलच्या स्वरूपात जपून ठेवावे. नव्या प्रतीशी तुलना करण्यासाठी तोच आधार असतो.

दम आणि कार्वै : भारतीय संगीतातील विराम

भारतीय संगीत पाश्चात्य पद्धतीच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहिणाऱ्यांनी एक मूलभूत फरक ध्यानात घेतला पाहिजे. तालबद्ध संगीतात तालाचे आवर्तन थांबत नाही. त्यामुळे तेथील विराम मोजलेला असतो. त्याला फर्माता लावणे सर्वथा चुकीचे ठरते.

तिहाईचे उदाहरण घेऊ. एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणे म्हणजे तिहाई. तीन वेळांच्या मध्ये विराम असेल, तर ती दमदार आणि विराम नसेल, तर बेदम. 'तिट कत गदि गन धा' हा पाच मात्रांचा बोल तीनतालात समेपासून सुरू केला, तर पहिला 'धा' पाचव्या मात्रेवर येतो. सहावी मात्रा दमाची. दुसरी फेरी सातव्यापासून अकराव्या मात्रेपर्यंत, बारावी मात्रा पुन्हा दमाची. तिसरी फेरी तेराव्या मात्रेपासून सुरू होऊन तिचा 'धा' सतराव्या मात्रेवर, म्हणजेच पुढील आवर्तनाच्या समेवर पडतो. पाच गुणिले तीन म्हणजे पंधरा आणि दमाच्या दोन, असा हा हिशेब आहे. दम काढून टाकला, तर हाच बोल तिसऱ्या मात्रेपासून सुरू करावा लागतो. हा दम सॉफ्टवेअरमध्ये एक मात्रेच्या रेस्टनेच लिहिला पाहिजे. तेथे सेकंदांचा विराम घातला, तर लेहरा आणि तबला यांची फारकत होते.

कर्नाटक संगीतात याच स्वरूपाच्या मोजलेल्या विस्ताराला कार्वै असे नाव असून कोर्वैच्या गणितात त्याला महत्त्वाचे स्थान आहे. मराठी वाचकांना परिचित असलेल्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या स्वरलेखन पद्धतीत स्वरापुढील आडवी रेघ तो स्वर आणखी एक मात्रा लांबविण्यासाठी असते, तर गीताच्या शब्दांखाली तेच काम अवग्रह करतो. ही रेघ शांततेची नाही. भातखंडे पद्धतीतून पंचरेषांवर उतरविताना रेघेच्या जागी रेस्ट लिहिली, तर बंदिश तुटक होते. तेथे आधीचा स्वर दीर्घ करणे किंवा जोडरेषा वापरणे आवश्यक आहे. टाळीऐवजी हात फिरवून दाखविली जाणारी खाली हीसुद्धा शांतता नव्हे. तेथेही ठेका चालूच असतो.

आलाप मात्र तालमुक्त असतो. त्यातील विराम न मोजलेल्या वर्गात मोडतात आणि तेथे श्वासचिन्ह, सिझुरा व फर्माता यांचा उपयोग सार्थ ठरतो.

गोवा आणि मुंबईतील परंपरा

पंचरेषांचे लेखन आपल्याकडे नवे नाही. पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चशी संलग्न शाळांमधून ते शिकविले जात असे. तेथून मुंबईत आलेल्या वादकांनी व संयोजकांनी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांचा पाया घातला. सेबास्टियन डिसूझा आणि अँथनी गोन्साल्विस ही त्यांतील ठळक नावे होत. त्या काळी हाताने लिहिलेल्या प्रतीवरील फर्माता किती लांबवायचा, हे ध्वनिमुद्रणाच्या वेळी समोर उभा असलेला संचालक ठरवीत असे. संगणकासमोर तो संचालक नसतो. त्याची जागा लिहिणाऱ्यालाच घ्यावी लागते.

काय करावे ?

प्रथम, विराम मोजलेला आहे की न मोजलेला, हे ठरवावे. मोजलेला असेल, तर रेस्टच वापरावी. दुसरे, न मोजलेल्या विरामासाठी योग्य चिन्हच घालावे; लपविलेले बार टाळावेत. तिसरे, चिन्हाचा अवधी सॉफ्टवेअरच्या गृहीत आकड्यावर न सोडता स्वतः ठरवावा. त्यासाठी रचना मोठ्याने गाऊन किंवा वाजवून घड्याळावर विराम मोजणे, हा साधा उपाय सर्वांत खात्रीचा आहे. चौथे, वृंदासाठी सरावाची ध्वनिफीत तयार करताना विरामाचा अवधी संचालकाकडून आधीच विचारून घ्यावा. पाचवे, चलच्चित्रासाठी संगीत लिहिताना मुक्त विराम शक्यतो टाळून तेथे मोजलेले बार घालावेत, कारण पडद्यावरील दृश्य संचालकासाठी थांबत नाही.

सॉफ्टवेअर दिवसेंदिवस अधिक जाणते होत आहे. फिनालेच्या २००४ च्या आवृत्तीत माणसासारखे वाजविण्याचा प्रयत्न करणारी सोय आली, तेव्हापासून चिन्हांचा अर्थ लावून वाजविण्याची क्षमता सर्वत्र वाढत गेली आहे. तरीही चिन्ह बाख यांचे आहे की बीथोव्हेन यांचे, तेथे श्वास घ्यायचा आहे की श्वास रोखून धरायचा आहे, हे रचना समजलेल्या माणसालाच सांगावे लागते. त्याने योग्य आकडा लिहिला, तर संगणक तेवढाच वेळ, प्रत्येक वेळी न चुकता थांबतो. सराव करणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने त्याचा हा गुण मोलाचा आहे.